मामा, तुमच्या डोळ्यातले पहिले थेंब

मामा, रागावू नका, पण परवापासून मला हलकं वाटतंय. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. मामी अजून दोन माणसांचा चहा टाकते आणि उरलेला तसाच झाकून ठेवते. आई फोनवर बोलता बोलता मध्येच फोन ठेवून देते. अशा दिवसांत मी मात्र रडते आणि रडून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं मोकळी होते. हे कुणाला सांगायची लाज वाटते. तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्यामुळेच झालं आहे.

परवा कपाट आवरताना मामीने तुमची डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल काढली. "तुझ्या अभ्यासाची हाय, घेऊन जा. इथं काय, रद्दीत जाईल," असं म्हणून माझ्या हातात दिली. त्या फाईलच्या पहिल्याच कागदावर, बाजूच्या कोऱ्या जागेत, डॉक्टर मॅडमनी आडवी लिहिलेली एक ओळ आहे. अडीच वर्षांपूर्वीही हा कागद माझ्याच हातात होता. घाईत फक्त औषधांची नावं वाचली होती. डॉक्टरांचं अक्षर तेव्हा लागतही नव्हतं. आता लागतं. ती ओळ काय आहे ते सांगतेच, पण आधी मला माझं सांगू द्या. तुमच्यासमोर बसून ते कधी जमलं नाही.

आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म भरलेलं कुणी नव्हतं. आमच्या गावाहून, वाटूरहून, जालन्याला मला प्रवेशासाठी घेऊन गेलात ते तुम्ही. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेले, पण कॉलेजच्या खिडकीपाशी असे उभे होतात, जणू दरवर्षी दोन-चार पोरींचे प्रवेश करून देता. ऑप्टोमेट्री हे नाव तुम्ही तीनदा विचारून घेतलंत आणि चौथ्यांदा सरळ "चष्म्याचा कोर्स" म्हणालात.

"चार वर्षं? बाजारात तर दोन मिनिटांत नाकावर चष्मा ठेवून देतेत."

"मामा, चष्मा शेवटी. आधी डोळा तपासायला शिकवतात."

"मंग पहिला डोळा माझाच तपास," तुम्ही म्हणाला होतात. "फुकटात."

पहिल्या वर्षाच्या दिवाळीत मी तुमच्याकडे आले. तुमचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जायचा आणि त्या आठवड्यात तुम्ही पाचट काढत होतात. उसाच्या वाळक्या पानाची कड किती धारदार असते हे मला सांगायची गरज नव्हती. लहानपणी माझ्याही हातांवर तिचे ओरखडे असायचे. त्या दिवशी ते पान तुमच्या डाव्या डोळ्याला लागलं. तुम्ही पाण्याने डोळा धुतलात, उपरण्याला फुंकर मारून शेकलात आणि संध्याकाळपर्यंत काम केलंत. घरी आलात तेव्हा डोळा लाल झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं.

माझ्या पिशवीत एक बाटली होती. महिनाभरापूर्वी माझाच डोळा लाल झाला होता, तेव्हा एका मेडिकलवाल्याने दिलेली. एका दिवसात माझा डोळा पांढरा झाला होता. आपल्याकडे डोळ्याच्या औषधाची बाटली कधी एका माणसाची नसतेच. कुणाचे डोळे आले की बाटली येते, मग शेजारच्या घरी जाते, तिथून पुढच्या, आणि शेवटी कुणाच्या तरी टीव्हीजवळ वर्षभर उभी राहते. मी तसंच केलं. फक्त मला वाटलं, मी ते शिकून करतेय.

बाटलीच्या कागदी डब्बीवर दोन औषधांची नावं होती. पहिलं मला ओळखीचं होतं, कारण आदल्याच आठवड्यात वर्गात ते शिकवलं होतं. ते जंतूंना मारणारं प्रतिजैविक होतं. ते नाव वाचता आलं याचाच मला इतका आनंद झाला की दुसरं नाव मी वाचून सोडून दिलं. ते औषध आम्हाला पुढच्या वर्षी शिकवणार होते. मी डब्बीवर बॉलपेनने लिहिलं, "दिवसातून चार वेळा", आणि खाली सही केल्यासारखं माझं नाव लिहिलं. शीतल. तुम्ही ती डब्बी मामीला दाखवलीत, दूधवाल्याला दाखवलीत. "आमच्या भाचीनं लिहून दिलं हाय," म्हणालात.

दोन दिवस तुम्हाला बरं वाटलं. लाली कमी झाली. तुम्ही मला डॉक्टरीनबाई म्हणायला लागलात आणि मी नको नको म्हणत खूश होत होते. चौथ्या दिवशी डोळा ठणकायला लागला. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. त्या दिवशी मी ओसरीवर बसून मोबाईलवर ते दुसरं नाव शोधलं.

ते स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड डोळ्याची लाली आणि सूज बसवतं, म्हणून बरं वाटतं. पण लाली ही शरीराची लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. आणि उसाच्या पानाने, धानाच्या लोंबीने, काडीने डोळ्याला जखम झाली की आधी बुरशीचाच संशय घ्यायचा असतो, असं मोबाईलवर लिहिलं होतं. मी ते चारदा वाचलं. मग मोबाईल उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आपण जालन्याला गेलो. डॉक्टर मॅडमनी यंत्रातून तुमचा डोळा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"याआधी डोळ्यात काय घातलं?"

तुम्ही उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही बोलायच्या आत मीच बोलले.

"काही नाही, मॅडम. थोडं गुलाबपाणी घातलं होतं."

"गुलाबपाणीच? नक्की?"

"हो, मॅडम."

मॅडमनी डोळा बधिर करून ठिपक्यावरचा थोडासा भाग खरवडून काचेवर घेतला. मी ऑप्टोमेट्रीची विद्यार्थिनी आहे हे कळल्यावर त्या किती चांगल्या वागल्या! "ये, बघ," म्हणून मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. बारीक फांद्यांसारखे धागे दिसत होते. "ही बुरशी. पुस्तकात बघशील त्याच्या आधी बघितलीस." मी मान हलवली. खरं सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण मला वाटलं, पहिल्या वर्षाच्या पोरीने पेशंटला स्टेरॉइड घातलं हे कॉलेजात कळेल, मला काढून टाकतील, आणि तुम्ही खिडकीपाशी उभं राहून घेतलेला प्रवेश जाईल. मॅडमनी चिठ्ठी दिली आणि मी औषधं आणायला खाली गेले.

पुढचे दहा दिवस मी तुमच्याकडेच राहिले. दिवसभर दर तासाला एक थेंब. ते औषध दुधासारखं पांढरं, बाटली हलवून घालायचं, आणि झोंबायचं. पापणीच्या कडेला त्याचा पांढरा थर जमायचा, तो उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायचा. तुम्ही म्हणायचात, "चुना लावून राह्यली का माझ्या डोळ्याला?" झोंबलं की तुम्हाला समाधान वाटायचं. तुमचं पक्कं मत होतं की झोंबतं तेच औषध लागू पडतं. मी म्हणायचे, झोंबणं हा औषधाचा गुण नाही, त्रास आहे. काही थेंबांनी ॲलर्जी येते, पापण्या सुजतात, काही थेंब गरजेपेक्षा जास्त दिवस घातले तर बुबुळाचा वरचा थरच खराब होतो. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढच्या थेंबाला पुन्हा म्हणायचात, "आज कमी झोंबलं. बाटली बराबर हलवली न्हाईस तू."

दुसरे एक थेंब होते, बाहुली मोठी करणारे. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. हे समजावताना मी पुस्तकी शब्दांत अडखळले, तर तुम्हीच म्हणालात, "एक वाफा मुरू द्यायचा, मंग दुसऱ्यात पाणी सोडायचं. एवढंच ना?" एवढंच होतं, मामा.

आता तिसरं वर्ष संपलं, सूक्ष्मजंतूंवरच्या औषधांचा पेपरही दिला, पण खरा पेपर तुम्ही त्या ओसरीवर घेतलात. तुम्ही विचारलंत, एवढी औषधं असताना बुरशीला हीच एक बाटली कामून? मी वहीतून सांगितलं. जंतूंच्या पेशीला बाहेरून एक भिंत असते, ती आपल्या पेशीला नसते. म्हणून काही औषधं ती भिंतच बांधू देत नाहीत; जंतू फुटतो, आपल्या पेशीला धक्का लागत नाही. काही औषधं जंतूला त्याची प्रथिनं बनवू देत नाहीत. काही त्याला एकाचे दोन होऊ देत नाहीत. पण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या जास्त जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला वाचवणारी औषधं थोडी. हे पांढरं औषध बुरशीच्या पापुद्र्यात एक वेगळी चरबी असते तिला जाऊन चिकटतं. ती चरबी आपल्यात नाही.

मग म्हणालात, "ज्वारीत गवत माजल्यावानी हाय हे. दोन्ही एकाच जातीचं. तणनाशक मारावं तर ज्वारी पण जाती. मंग खुरप्यानं एक एक काढा, येळ लागतो."

आमच्या सरांनी दोन तास घेऊन सांगितलं ते तुम्ही एका दमात सांगितलंत. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आणि मग तुम्ही तेच बोललात, ज्याने पुढे अडीच वर्षं मला नीट झोपू दिलं नाही. "म्हंजे बघ शीतल, जंतूचे थेंब घालून बुरशी जाती का? पिकावरचा तांबेरा पण बुरशीच, त्यावर अळीचं औषध मारल्यावानी झालं ते." तुम्ही सहज बोलला होतात. आवाजात काही नव्हतं. पण माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. तुम्ही डोकं मागे टेकवून डोळा उघडा धरून वाट बघत होतात. "टाक की जल्दी," म्हणालात.

मी दिलेली, टीव्हीजवळ ठेवलेली ती जुनी बाटली मी त्या दहा दिवसांत शोधत होते. ती तिथे नव्हती. कुठेच नव्हती. मामीला विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर का विचारते ते सांगावं लागलं असतं. पांढऱ्या औषधाने झोंबतं आणि त्या औषधाने बरं वाटायचं, म्हणून तुम्ही ती कुठेतरी ठेवून गुपचूप घालत असाल, असं माझ्या मनात यायचं. मॅडमना माहीतच नव्हतं, तर त्या "ते बंद करा" असं म्हणणार तरी कशा? मी त्यांना गुलाबपाणी सांगितलं होतं.

डोळा वाचला. दोन महिने लागले. बुबुळावर पांढरं फूल, म्हणजे जखमेचा डाग, राहिलं आणि त्या डोळ्याने तुम्हाला हललेलं तेवढं दिसायचं. सगळे म्हणाले, डोळा काढावा लागला नाही हेच खूप. मीही म्हणाले. पण मनात हिशेब चालू राहिला. फूल एवढं मोठं का? डॉक्टरांना पहिल्या दिवशी खरं कळलं असतं तर लहान राहिलं असतं का?

नंतरच्या दोन दिवाळ्या मी तुमच्याकडे आले नाही. एकदा प्रॅक्टिकल सांगितलं, एकदा ताप सांगितला. दोन्ही खोटं होतं. जालन्यातल्या मस्तगडच्या खोलीवर एकटीच होते. आईने पाठवलेला चिवडा खाल्ला आणि तुमचा फोन आला तेव्हा तो वाजू दिला. तुम्ही आईला म्हणालात, "अक्का, पोरगी आजकाल येऊन न्हाई राह्यली. मोठी झाली का काय?"

फोन मात्र तुम्ही सोडला नाहीत. तुमच्या गल्लीत डोळे आले होते तेव्हाचा फोन मला आठवतो. शेजारची बाई तुमच्याकडे बाटली मागायला आली होती.

"मी म्हणलं, बाई, उघडल्याला महिना झाला की बाटली फेकायची असती. बराबर हाय ना?"

"बरोबर आहे, मामा."

"अन् तिच्या पोराचे डोळे कशानं आले असतील? जंतू का बुरशी?"

"बहुतेक विषाणूने, मामा. त्याला प्रतिजैविक लागतच नाही. आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. दुखलं, अंधुक दिसलं, तर मात्र दवाखान्यात."

"म्हंजे औषध न्हाई हेच औषध?"

"उगीच घातलं तर पुढे खरंच लागेल तेव्हा ते चालत नाही."

"हां. कापसावरच्या बोंडअळीवानी. पहिल्या साली फवारा मारला की पटापट पडायची. आता आंघोळ करती त्यात."

मी हसले होते. फोन ठेवल्यावर मात्र सांगायचं पुन्हा राहिलं म्हणून स्वतःवर चिडले.

मागच्या लग्नसराईत वाटूरला एका लग्नात भेटलो. मी तुमच्या उजव्या बाजूला येऊन बसले. नेहमी तशीच बसायचे, म्हणजे डावा डोळा समोर यायचा नाही. तुम्ही पंगतीत मोठ्याने म्हणालात, "इकडून कामून बसती गं? डाव्या बाजूनं बसली तर काय खाऊन टाकतो का तुला?" सगळे हसले. मी उठून डावीकडे बसले. तुम्ही माझ्या पानात एक जिलबी टाकलीत. तुमच्याशी ती माझी शेवटची भेट.

आता ती ओळ. पहिल्या दिवसाचा कागद, तारीख त्याच दिवसाची. मी वाचलं ते असं: रुग्ण सांगतो की स्टेरॉइड मिसळलेले थेंब चारदा, पाच दिवस घातले. बाटली पाहिली. बंद केले. स्वतः दुकानातून आणल्याचं सांगतो.

मी ते मामीच्या कपाटासमोर उभ्याउभ्या वाचलं. मग खाली बसले. मग पुढचे कागद उलटले. दर भेटीला मॅडम बंद पापणीवरून बोटांनी डोळ्याचा दाब बघायच्या आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, हे कशाला? स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढतो म्हणून. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी औषधं आणायला खाली गेले तेवढ्यात तुम्ही सांगितलं होतं.

मामीला सगळं सांगितलं. सुरुवातीपासून. ती गव्हातले खडे निवडत होती. निवडत राहिली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"दवाखान्यात जायच्या सकाळी त्यांनी बाटली खिशात घातली. मी म्हणलं, डब्बी पण न्या, डॉक्टर बघतेन. तर म्हणले, डब्बीवर पोरीचं नाव हाय, ते तिकडं जायला नको. शिक्षण बंद करतेन तिचं. मंग डब्बी मी चुलीत घातली. बाटली तिकडंच देऊन आले ते."

"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

मामीने सूप बाजूला ठेवलं. "ते म्हणले, तिला कळलं की आपल्याला कळलंय, तर ती यायची बंद होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् तू तर तशीच बंद झालती."

मामा, मी तुमच्यावर रागावले. खरंच रागावले. फाईल हातात घेऊन तुमच्याशी भांडले. दोन दिवाळ्या मी त्या खोलीत काढल्या. एकदा जरी म्हणाला असतात, "डॉक्टरला म्या सांगितलं होतं, तू गप बस," तर मी दुसऱ्याच दिवशी एसटीने आले असते. तुम्ही मला सांभाळायला गेलात आणि आपण दोघंही एकमेकांना सांभाळत लांब लांब राहिलो. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी लाजते, आपोआप येईल. मला वाटलं, माझ्या थेंबांनी डोळा बिघडला हे मामांना कळलं तर मला दारातही उभं करणार नाहीत. यावर आपलं एक मोठं भांडण व्हायला हवं होतं. मी हरले असते, तुम्ही नेहमीसारखं मध्येच शेताचं काहीतरी काढलं असतंत आणि मामीने जेवायला हाक मारली असती.

पण भांडून झाल्यावर पहिल्यांदा मला श्वास पूर्ण घेता आला. माझ्या खोट्याने तुमचा डोळा गेला नाही. एवढी एकच गोष्ट मला हवी होती आणि ती तुम्ही अडीच वर्षांपूर्वीच करून ठेवली होती.

मी स्वतःला सगळं माफ करत नाही. पाच दिवस ते थेंब तुमच्या डोळ्यात पडले ते माझ्या हाताने. पान लागलं तेव्हाच बुरशी आत गेली असणार. माझ्या थेंबांनी तिला किती बळ दिलं हे आता कुणीच मोजून सांगू शकणार नाही. त्या फुलातला थोडा भाग माझा आहे आणि तो मी घेते. पण "सगळं माझं" आणि "थोडं माझं" यात केवढा फरक असतो हे मला परवा कळलं. थोडं उचलून चालता येतं.

तुम्हाला हे माहीत नव्हतं. चौथ्या वर्षी आम्हाला एक वर्ष प्रत्यक्ष काम करावं लागतं. दोन पर्याय असतात, चष्म्याचं दुकान किंवा डोळ्यांचा दवाखाना. मार्क चांगले असूनही मी दुकान लिहिलं होतं. मैत्रिणींना वाटलं, मला लवकर नोकरी हवी आहे. खरं कारण असं, की दवाखान्यात बसलं की समोर येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागतं, याआधी डोळ्यात काय घातलं? तो प्रश्न माझ्या तोंडातून निघणार नाही असं वाटायचं.

काल मी सरांना भेटून फॉर्म बदलायला मागितला. सर वैतागले. "आता? याद्या लागल्या आहेत. का बदलायचं आहे?"

मी नीट सांगू शकले नाही. घरात एका माणसाचा डोळा खराब झाला होता, एवढंच म्हणाले. ते फॉर्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दवाखान्यात लोक खरं सांगत नाहीत. दुकानातून काय काय घालून येतात आणि म्हणतात गुलाबपाणी घातलं. चिडायचं नाही त्यांच्यावर."

"नाही चिडणार, सर."

"सोबत मुलगा असतो, सून असते. त्यांच्यासमोर तर अजिबात बोलत नाहीत."

"सोबतच्याला औषध आणायला खाली पाठवायचं, सर," मी म्हणाले. "मग परत विचारायचं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कुठे शिकलीस?"

तुमच्याकडून, मामा. त्यांनी दुकान खोडून दवाखाना लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

सोमवारपासून जायचं आहे. त्याआधी दोन दिवस मी मामीकडे राहायला येते आहे.